पंपाचं चाक

— नाही हो अर्चनाबेन, नाही म्हणजे नाहीच. शेठना सांगा सुषमाबाईला ताप आहे, पाय मुरगळलाय, काय वाटेल ते सांगा, पण उद्या त्या जहाजावर मी येणार नाही. शाल नको, श्रीफळ नको, टाळ्या तर नकोतच. — बसा ना, उभ्या का? पलंगावर बसा, त्या खुर्चीचा पाय हलतो. पाणी घ्या. चार मजले चढून आलात, आमच्या डिंडोलीतल्या ह्या बिल्डिंगांना लिफ्टची जागा सोडतात, लिफ्ट कुणी बसवत नाही. आणि हा धूर वांग्यांचा आहे हां, घाबरू नका, भरीत करायचंय. संध्याकाळी मुलगा येणार आहे जेवायला. योगराज. नेव्हीत आहे माझा मुलगा. आता तुम्हाला सांगूनच टाकते — हजीऱ्याच्या बंदराला जे जहाज लागलंय, जिथे तुम्ही मला उद्या शाल पांघरायला नेताय, तो त्याच जहाजावर आहे. — काय? थांबा, आधी माझं ऐका, मग बोला. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. म्हणणार, मग तर यायलाच पाहिजे सुषमाबेन, मुलाच्या देखत आईचा सत्कार, केवढं भाग्य! सगळे हेच म्हणतील. म्हणूनच मी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. मुलगा नेव्हीत आहे एवढं मंगलाबाईला माहीत आहे, शेजारच्या गल्लीतच राहते ती, योगराजला लहानपणापासून बघितलंय तिनं. पण कुठलं जहाज ते तिलाही नाही सांगितलं.

आज ते नेव्हीचे साहेब येणार होते ना कारखाना बघायला? आले? गेले पण? बरं झालं. मी त्याच्यासाठीच रजा टाकली. म्हटलं साहेब येणार, त्यांच्याबरोबर कोण कोण येईल, कुणी बघेल, कुणी विचारेल, तुमचं गाव कुठलं, मुलंबाळं किती — आणि माझ्या तोंडून काही निघून जाईल. मला खोटं टिकवता येत नाही हो. बोलायला लागलं की येतं, टिकत नाही.

चहा टाकते. नको कसं, घ्याच. दूध आहे. — तुम्ही त्या वेळी नव्हता ना आमच्याकडे? नंतर लागलात. तुम्हाला ठाऊक नाही मग ते चाक कसं आलं. भेस्तानच्या आपल्या शेडमध्ये काय बनतं एरवी? डाइंग मिलचे पंप. रंगाचं पाणी खेचायचं, गरम पाणी खेचायचं, झालं. आणि एक दिवस शेठ लाकडी पेटी घेऊन आले. उघडली तर आत चाक — परातीएवढं, पितळेसारखं पिवळं, पण पितळ नव्हे, ब्रॉन्झ, निकेल असतं म्हणे त्यात — आणि कसलं खाल्लेलं! उंदरानं भाकरी कुरतडावी तसं. कडा गेलेल्या, पाकळ्यांना भोकं. शेठ म्हणाले, हे मोठ्या लढाऊ जहाजाच्या पंपाचं चाक आहे, मिसाईलवाल्या जहाजाचं. ज्या देशातून हे पंप आले तिथे लढाई चालू आहे, तिकडून स्पेअर यायचं बंद झालंय, आणि जहाज मुंबईला गोदीत अडकून पडलंय. आपल्याला असंच्या असं नवीन करून द्यायचंय, लवकर. आणि बाहेर एक शब्द बोलायचं नाही कुणी. कुठलं जहाज, नाव काय, ते शेठनाही माहीत नव्हतं, मग आम्हाला कोण सांगणार?

पहिलं ओतलं ते वाया गेलं, कापून बघितलं तर आत जाळी. दुसऱ्यालाही चीर. तिसरं बरं निघालं. मग ते मशीनवर चढलं, बाहेरून कसं देवाच्या मूर्तीसारखं गुळगुळीत झालं. पण त्या चाकाच्या आत, दोन तबकड्यांच्या मध्ये, पाकळ्या असतात आणि पाकळ्यांमधून पाण्याला जायला वाट असते — अरुंद, वळणाची. तिथे मशीनचं हत्यार जात नाही. तिथे हात जातो, तो पण बारीक. शेठनी सगळ्यांचे हात बघितले आणि म्हणाले, सुषमाबेन, आ तमारूं काम. मी बसले घासायला. कानस, मग पॉलिशपेपर, मग अजून बारीक पॉलिशपेपर. डोळ्यांनी आतलं दिसत नाही, बोटानं बघायचं. खडबडीत लागलं की परत. मंगलाबाई म्हणायची, एवढं काय जीव काढतेस, पाणीच तर जायचंय त्यातून. मी म्हणायची, अगं कुणाची तरी पोरं असतील त्या जहाजावर. — म्हणायची मी असं. माझ्याच तोंडानं.

साखर किती? एक? बरं.

तर मी घरी आल्यावर ह्यांना सांगायची. योगराजच्या पप्पांना — गजेंद्र नाव त्यांचं, मी कधी नावानं हाक मारली नाही, आता फोटोसमोर तरी कशाला मारू? तुम्ही बसलात ना, तिथेच झोपून असायचे. लूमवर उभं आयुष्य गेलं माणसाचं, आणि बसायची वेळ आली तेव्हा किडन्या बसल्या. सिव्हिलला डायलिसिस चालू होतं, न्यायचं, आणायचं, आणलं की दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस नुसता पडून. शेठनी सांगितलं होतं बाहेर बोलू नका, पण नवऱ्याला सांगणं म्हणजे बाहेर थोडंच? त्यांना त्या चाकाचा असा नाद लागला की काय सांगू. मी दारात पाय ठेवला की विचारणार — आमची अहिराणी ना घरात — "झायं का व चाक?" मी म्हणायची, अजून नाही. मग विचारणार, आज कुठवर घासलं, बोट कुठवर गेलं. मी कणीक मळता मळता सांगायची. दुखणं विसरायचे तेवढा वेळ. म्हणायचे, "नीट घास. आपला पोऱ्या बी आसाच जहाजवर शे." एकदा मला म्हणाले बोटं दाखव. कापली होती दोन ठिकाणी. धरून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असे कधी बसले नव्हते.

आणि योगराजचा फोन यायचा तेव्हा रोज. मुंबईहून. त्याचं जहाज दुरुस्तीला उभं होतं ना, म्हणून रेंज मिळायची. पोरगं खूश होतं. म्हणायचं, मम्मी, आमचं जहाज लवकर हलत नाही आता, मी सुट्टी मागितलीय, मंजूर झालीय, येतोच, पप्पांना सांग. — आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझं डोकं कुठे होतं? मुंबईच्या गोदीत उभं जहाज, इकडे मुंबईच्या जहाजाचं चाक. पण मुंबईला काय एकच जहाज असतं? आणि तो कधी सांगायचा नाही काय बिघडलंय ते, त्यांनाही मनाई असते. तो तिकडे गप्प, मी इकडे गप्प. त्याला वाटतं मम्मी डाइंग मिलचे पंप घासते. घासतेच ना! हे एक सोडलं तर तेच घासते.

चाक पास झालं. गोल फिरवून बघतात ना मशीनवर, डुगडुगतं का — जराही डुगडुगलं नाही. मुंबईहून आलेला तपासणारा साहेब चाकाच्या आत बोट घालून म्हणाला, कुणी केलंय? शेठनी माझ्याकडे दाखवलं. खोटं का बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. पेढे वाटले शेठनी. माझ्या वाटचा मी पदरात बांधून आणला आणि ह्यांच्या ओठाला लावला, त्यांना गोड खायची बंदी नव्हती पण गिळवत नव्हतं, नुसता चाखला. म्हणाले, "गयं का जहाजवर?" म्हटलं, गाडीत चढवलं, उद्या मुंबईला पोचेल. डोळे मिटून हसले. त्या रात्री शांत झोपले.

आणि मग दोन-तीन दिवसांनी योगराजचा फोन. मी ओट्याशी होते. म्हणाला, मम्मी, सुट्टी कॅन्सल झाली. सगळ्यांच्याच झाल्या. लांब समुद्रात कुठल्या तरी माल नेणाऱ्या जहाजावर हल्ला झालाय, आग लागलीय, माणसं अडकलीत, आम्हाला निघायचंय. मी म्हटलं, अरे पण तुमचं जहाज तर बिघडलंय ना? तर म्हणाला, झालं ना दुरुस्त! पंपाचा पार्ट आला अचानक, बसवला, चालवून बघितला, एकदम ओके. — मी विचारलं, कसला पंप? म्हणाला, अगं समुद्राचं पाणी खेचायचा, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, सांग तरी. तर पोरानं घाईघाईत पण नीट सांगितलं बिचाऱ्यानं, की लोकांना वाटतं बटण दाबलं की मिसाईल सुटलं, पण वर ते रडार रात्रंदिवस बघत असतं, त्याची मोठमोठी कपाटं तापतात, त्यांना थंड ठेवायला खालून पाणी लागतं. एक पंप गेलेला, सगळा भार दुसऱ्यावर, असं जहाज लांब पाठवत नाहीत. तो दुसराही बसला तर वर सगळं आंधळं, मग मिसाईलं नळ्यांमध्ये उभीच्या उभी. आता दोन्ही चालू. म्हणाला, पप्पांना सांग, परत आलो की पहिला घरी येतो. आणि फोन कट.

मी गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. बाहेरच्या खोलीत माणूस पलंगावर, मला हाक मारतोय, "कोना फोन व? पोऱ्याना का? कव्हय येस तो?"

— तुम्ही चहा पिऊन घ्या हो. गार होतोय. मी बोलत सुटले की मला भान राहत नाही. भरीत राहिलं बाजूला. वांगी सोलता सोलता बोलते, चालेल ना? हात रिकामे असले की मला बोलता येत नाही.

काय सांगणार होते मी त्यांना? म्हटलं, येतोय, थोडं पुढे गेलंय. तो माणूस सहा फूट लांबून माझा चेहरा वाचायचा. म्हणाले, "जहाज निंघनं का?" मी मान हलवली. "पार्ट उना व्हई मंग." — पार्ट आला असेल म्हणाले. मी तांदूळ निवडायला घेतले, आधीच निवडलेले होते ते. मग मला म्हणाले, "तुनंच चाक बठनं का व तेना जहाजले?" — तुझंच चाक बसलं का म्हणे त्याच्या जहाजाला.

पोरी, मला वाटलं आता हा माणूस तोंड फिरवेल. भिंतीकडे वळून झोपेल. बोलला तर माझ्या हातांना शिव्या देईल. डॉक्टरनी सांगून टाकलं होतं ना, आता फार नाही. त्यांनाही ते कळत होतं. आणि पोरगं येणार, येणार, एवढ्यावरच तर श्वास चालला होता. तर ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली, पाणी पाजलं. तर माझा हात धरून म्हणाले — अजून कानात आहे — "मंग चांगलं झायं. तुना हातनं शे ते, बंद पडाव नही. पोऱ्याले सांगजो, बाप रागवना नही. म्हना, जहाज आपलंच शे."

आपलंच आहे म्हणाले. बघ. डिंडोलीच्या चौथ्या मजल्यावर, खाटेवर पडलेला माणूस, आणि केवढं जहाज, त्याच्यावर मिसाईलं काय, हेलिकॉप्टर काय — म्हणे आपलंच आहे.

असं म्हणाले खरं. पण वाट बघितलीच त्यांनी. तोंडानं म्हणाले रागावलो नाही, पण डोळे काही ऐकायला तयार नाहीत. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की मान वळायची. दूधवाला आला तरी वळायची. मी म्हणायची, अहो, दूधवाला आहे. म्हणायचे, "माले ठाऊक शे." ठाऊक आहे म्हणायचे आणि परत तिकडेच बघायचे. शेवटी शेवटी तर बोलणं बंद झालं, ओळख जायला लागली, दिराचा मुलगा पांडुरंग आला तर त्याचाच हात धरून बसले, योगराज समजून. पांडुरंग मला खुणेनं विचारतो, काय करू? म्हटलं, हो म्हण. मी आलोय पप्पा म्हण. म्हणाला तो. त्याच्याच हातात गेले. अग्नीही त्यानंच दिला.

योगराजला तिकडे समुद्रात निरोप मिळाला तेव्हा इकडे राख गार झाली होती. तिथून कसं येणार? मध्ये समुद्र. आणि त्याच वेळी ते जळणारं जहाज त्यांना सापडलं होतं. माणसं काढली त्यांनी, बरीच काढली, जिवंत. तोवर शेठना जहाजाचं नाव कळलं होतं, त्यांनी मोबाईलवर दाखवला ना तो व्हिडिओ, सगळ्या बायकांना बोलावून — ती काळवंडलेली माणसं शिडीनं वर येताहेत, कुणी हात जोडतोय, कुणी रडतोय. मंगलाबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाली, बघ, तुझ्या चाकानं माणसं वाचवली! मी संडासात जाऊन रडले. मला आनंद नाही झाला असं नाही हां. झाला. कुणाच्या तरी नवऱ्याला घरी जायला मिळालं. पण एका पोटात दोन गोष्टी कशा ठेवायच्या, सांग ना मला? तू शिकलेली आहेस.

मग आला योगराज. बऱ्याच दिवसांनी, सगळे विधी आटोपल्यावर. दाढी वाढलेली. फोटोसमोर उभा राहिला, हार नीट केला, रडला नाही. मी म्हटलं, रड रे, घरी आहेस. तर म्हणाला, रडून झालंय मम्मी. निरोप आला तेव्हा माझी ड्यूटी होती खाली मशीनघरात. ड्यूटी सोडता येत नाही. मी त्या नवीन पंपाजवळ जाऊन बसलो, तिथे आवाज इतका असतो की माणूस ओरडून रडला तरी कुणाला ऐकू जात नाही. — माझ्या चाकापाशी बसून रडलं गं माझं लेकरू. ते फिरत होतं आत, आणि हा बाहेर बसून रडत होता. आणि मी इकडे.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, म्हणशील. सांगणारच होते. ताट वाढलं, शेवभाजी केली होती त्याच्या आवडीची, म्हटलं दोन घास खाऊ दे, मग सांगते — पप्पा काय म्हणाले ते सांगते, म्हणजे त्याच्या जिवाला थंडावा पडेल. तर जेवता जेवता तोच म्हणाला, मम्मी, तुला माहीतय, तो पार्ट आपल्या सुरतहूनच आलेला. भेस्तानहून. पेटीवर एवढंच लिहिलं होतं, कारखान्याचं नाव नव्हतं. म्हणाला, एरवी हे कारखानेवाले महिनेच्या महिने लावतात, आणि नेमकं ह्याच वेळी कुठून एवढी घाई आली त्यांना? एक आठवडा उशीर केला असता तर काय बिघडलं असतं? माझी सुट्टी झाली असती. पप्पा भेटले असते. आणि म्हणाला — हात कसे मोडले नाहीत त्यांचे.

मी त्याला भाकरी वाढत होते. ह्या हातानं.

नाही गं, वाईट नाही तो. तसा नाहीच आहे माझा मुलगा. दुःखात बोलला. दुसरं जहाज गेलं असतं, पण जायला वेळ लागला असता, ती माणसं जळाली असती, हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं, म्हणाला, जाऊ दे, त्यांचं काय चुकलं. पण बोलला ना. ते शब्द बाहेर आले ना. आता मी जर म्हटलं, बाळा, ते हात माझे — तर पहिलं काय होईल? तो मला नाही बोलणार काही. तो स्वतःला खाईल. जन्मभर. आपण आईला काय बोललो म्हणून. बाप गमावला, वर हे ओझं. म्हणून मी गप्प बसले. भाजी अजून वाढू का विचारलं. आणि तेव्हापासून जे गप्प बसले ते आजपर्यंत. पण त्याच्यामुळे झालं काय, ह्यांचा निरोपही आत अडकून पडला. बापानं पोराला शेवटचं काही सांगितलं आणि ते पोरापर्यंत पोचलंच नाही, कारण ते सांगायचं तर चाकाचं सांगावं लागतं. रोज वाटतं, ह्यांना काय तोंड दाखवू? एकच काम सांगून गेला माणूस.

म्हणून उद्या नको, कळलं? तिथे त्याचे कॅप्टन साहेब माईकवर माझं नाव घेणार, सुषमा गजेंद्र अमुक अमुक, ह्यांनी हे चाक आपल्या हातानं — आणि समोर पांढऱ्या कपड्यांतल्या रांगेत माझा मुलगा उभा. सावधान उभं राहायचं असतं त्यांना. रडताही येणार नाही त्याला तिथे. लेकराला असं चारचौघांत, रांगेत उभं करून मारायचं? नको. मंगलाबाईला न्या. तिनंही पॉलिशपेपर फाडून दिलेत. तिचं नाव घाला. शेठना म्हणावं, सुषमाबेननी सांगितलंय, मनापासून सांगितलंय, मंगलाबाईला शाल —

काय? बोल. — बोल ना, मघापासून तोंड उघडतेस आणि मिटतेस. मीच बोलू दिलं नाही तुला, कळतंय मला. बोल.

शेठनी नाही पाठवलं?

मग कोणी?

— थांब. परत सांग. साहेबांबरोबर तो आला होता? आज? आपल्या शेडमध्ये? — मशीनघरातलं कुणीतरी बरोबर हवं म्हणून त्याला आणलं. हां. आणि मंगलाबाई — हो, ती ओळखणारच त्याला. ती कशाला गप्प बसेल! काय म्हणाली? "अरे, हा तर आपल्या सुषमाचा योगराज"… आणि "तुझ्या आईनंच घासलंय ते चाक"... सगळ्यांच्या देखत?

मग तो काय म्हणाला?

चेहरा कसा झाला त्याचा? तू होतीस ना तिथे, तू बघितलंस ना? — माझ्या जागेवर बसला. बरं. किती वेळ? — साहेब पुढे निघून गेले तरी? — पाणी मागितलं का? कुणी दिलं की नाही? त्याला असं काही झालं की तोंड कोरडं पडतं, लहानपणापासून. दिलंत ना? बरं केलंत.

आणि मग तुला म्हणाला मम्मीकडे जा. तूच का नाही जात, असं नाही विचारलंस त्याला? — भीती वाटते म्हणाला? माझी? माझी कसली भीती, मी आई आहे त्याची… "मी तिला काय काय बोललोय, ती मला घरात घेईल का विचारा." असं म्हणाला? असंच? शब्द बदलू नको हं. घरात घेईल का विचारा.

अरे देवा. अगं तो — तो आहे कुठे मग आता?

खाली? इथे खाली? गेटपाशी? तू आल्यापासून तो खाली उभा आहे, आणि मी तुला इथे चहा पाजत बसले!

नाही, हाक नको मारूस खिडकीतून, सगळी बिल्डिंग बघेल. थांब जरा. मला तोंड धुऊ दे. हे हात बघ, सगळे वांग्यानं बरबटलेत. — नको, तू नको मदत करूस. तू हे कर, तू खाली जा. मी तुला काय काय बोलले त्यातलं एक अक्षर सांगू नकोस त्याला, शपथ आहे तुला माझी. त्याच्या बापाचं सांगणं आहे ते, माझ्याच तोंडून जायला पाहिजे, आणि त्यांनी सांगितलं तसंच्या तसं, अहिराणीत. मला जमेल ना? तुला सांगताना जमलं तर होतं.

उद्याचं उद्या बघू गं. आत्ता नको विचारूस. शाल-बिल मला आत्ता काही कळत नाही. चप्पल घाल तू. जिन्यात सांभाळून उतर, दुसऱ्या मजल्यावर पायरी फुटलीय. आणि त्याला म्हणावं — नको, काही म्हणू नकोस. नुसतं वर ये म्हणावं. मम्मी वर बोलावतेय. बस्स.

जा ना पोरी. बघत काय उभी राहिलीस माझ्याकडे? जा.